एकच अँड्रॉइड अ‍ॅप घरच्या लॅपटॉपवर आणि ऑफिसच्या डेस्कटॉपवर करायचं आहे. प्रोजेक्टचा फोल्डर गूगल ड्राइव्हवर ठेवला तर चालेल का?

नको, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वापरा आणि गिटहब या साइटवर खासगी रिपॉझिटरी (प्रोजेक्टचा साठा) करा: उठताना कमिट (बदल नोंदवणं) आणि पुश (ते गिटहबवर पाठवणं), दुसरीकडे बसल्यावर आधी पुल (ते उतरवून घेणं). बिल्ड चालू असताना शेकडो फायली बदलतात आणि ड्राइव्ह त्या अर्धवट उचलतो. ‘लोकल डॉट प्रॉपर्टीज’ गिटमध्ये घालू नका, त्यात त्या मशीनवरचा एसडीकेचा (अँड्रॉइड अ‍ॅप बनवायच्या साधनांचा) पत्ता असतो. खरी अडचण डीबग कीस्टोअरची, म्हणजे चाचणीच्या अ‍ॅपवर सही करायची किल्ली असलेल्या फाइलची. ती प्रत्येक मशीनवर वेगळी तयार होते, म्हणून लॅपटॉपवरून फोनवर टाकलेल्या अ‍ॅपवर डेस्कटॉपची आवृत्ती बसत नाही. गूगल साइन-इनही अडतं, कारण ते ही सही तपासतं. होम फोल्डरमधल्या ‘डॉट अँड्रॉइड’मधली ती फाइल एकदा दुसरीकडे कॉपी करा. मात्र हे फक्त डीबगपुरतं. रिलीजची (लोकांना द्यायच्या अ‍ॅपची) कीस्टोअर रिपॉझिटरीत कधीही ठेवू नका, खासगी असली तरी.