फ्लोरिडातला टाइमशेअर (रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक दिवस राहायचा हक्क) रिसेलमध्ये, म्हणजे जुन्या मालकाकडून घेतला, आता जुना प्रॉपर्टी टॅक्स माझ्याकडे मागतायत. भरावा लागेल का?

डीडवाला, म्हणजे मालकीच्या खरेदीखताचा टाइमशेअर असेल तर बहुतेक हो, टॅक्सचा बोजा प्रॉपर्टीवरच बसतो, मालक बदलला तरी सुटत नाही. पण लगेच पैसे भरू नका. फ्लोरिडात हा टॅक्स शक्यतो रिसॉर्ट चालवणारी कंपनीच मेंटेनन्स फीसोबत गोळा करून काउंटीला (तिथल्या जिल्हा प्रशासनाला) भरते, त्यामुळे आधी त्यांच्याकडून वर्षवार हिशोब लेखी मागवा. बिलं नोव्हेंबरात निघतात अन् 1 एप्रिलपासून थकबाकी धरतात, मधेच कधी नव्या मालकाच्या नावावर डीड झालं की हा घोळ होतोच. क्लोजिंगचे (खरेदी पूर्ण झाली तेव्हाचे) कागद काढून टॅक्स कुणाकडे लिहिलाय ते बघा, टायटल इन्शुरन्स (मालकी हक्कातल्या अडचणींसाठीचा विमा) असेल तर तिथे क्लेम टाका. एक डॉलरला मिळतोय म्हणून लोक उड्या मारत घेतात आणि आधीची बाकी किती ते रिसॉर्टला विचारतच नाहीत, काय बोलणार!