गरम इंजिनावर सेल्फ जड, काच खाली येत नाही, पॅनेलवर दिवे : पोर्शे ९९७ मध्ये आधी काय तपासावे आणि कोणता भाग मागवावा

नमस्कार. आपण लिहिले आहे, की २००८ ची पोर्शे ९११ (९९७, ३.६ लिटर) वडोदऱ्यात अल्कापुरीतील तळघराच्या पार्किंगमध्ये उभी असते आणि आठवड्यातून जेमतेम एकदा बाहेर पडते. यंदाच्या पावसाळ्यानंतर इंजिन गरम असताना सेल्फ जड फिरतो, अधूनमधून पॅनेलवर अनेक इशारे एकदम लागतात आणि दार उघडताना डावीकडची काच खाली सरकत नाही. गॅरेजने कंट्रोल युनिट (इंजिन सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) बदलायला सांगितले असून आपण ते जर्मनीतून सेकंडहँड मागवण्याच्या विचारात आहात. माझे मत स्पष्ट आहे : ते युनिट आत्ता मागवू नका. आपण दिलेल्या लक्षणांपैकी एकही लक्षण युनिट बिघडल्याचे सिद्ध करत नाही.

या गाडीची रचना लक्षात घ्या. बॅटरी पुढे डिकीत आहे आणि इंजिन, सेल्फ व अल्टरनेटर मागे आहेत, त्यामुळे सेल्फला लागणारा सगळा प्रवाह गाडीच्या जवळजवळ पूर्ण लांबीच्या केबलमधून जातो. मागच्या बाजूला सेल्फ आणि अल्टरनेटर यांना जोडणारी केबल एक्झॉस्टच्या उष्णतेत आणि चाकांनी उडवलेल्या पाण्यात वर्षे काढते. तिच्या टोकांना दाबून बसवलेल्या लग्जमध्ये (बोल्टला जोडायच्या धातूच्या टोप्यांमध्ये) आतून गंज चढतो, जो बाहेरून दिसत नाही. ९९६ आणि ९९७ या दोन्ही पिढ्यांमध्ये ही केबल खराब होणे सर्वज्ञात आहे, आणि ‘थंड असताना ठीक, गरम झाल्यावर जड’ हे तिचे ठळक लक्षण आहे, कारण तांबे तापले की त्याचा विरोध वाढतो आणि गंजलेला जोड त्यात भर घालतो.

गॅरेजमध्ये बहुधा मल्टिमीटर ओहमवर लावून केबल ‘ओके’ ठरवली गेली असेल. साध्या मीटरला ०.०१ ओहम दिसतच नाही, पण सेल्फ १५० अँपिअर ओढत असताना तेवढ्याच विरोधावर दीड व्होल्ट खर्च होतो. म्हणून केबल भार असतानाच तपासावी लागते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या धन खांबावर आणि दुसरे सेल्फच्या मोठ्या बोल्टवर धरावे, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर धन बाजूची केबल किंवा तिचे जोड दोषी आहेत. तीच चाचणी बॅटरीचा ऋण खांब आणि इंजिनचा धातू यांच्यामध्ये करावी. तिथे ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर गेले तर इंजिनकडून बॉडीकडे येणारी अर्थची पट्टी साफ करावी किंवा बदलावी. इंजिन पूर्ण गरम असताना हे आकडे घेतले तरच त्यांना अर्थ आहे.

पॅनेलवरचे दिवे बहुतेक याच साखळीत येतात. सेल्फ मारताना व्होल्टेज खाली कोसळले, की एबीएस (ब्रेक), पीएसएम (गाडीचा तोल राखणारी यंत्रणा) आणि इतर युनिटे ‘व्होल्टेज कमी’ अशी नोंद करतात. त्यांच्यातील एक क्षणभर गप्प झाले, की कॅन जाळ्यावरची, म्हणजे युनिटांना आपसांत जोडणाऱ्या तारांवरची, बाकीची युनिटे त्याचा निरोप आला नाही म्हणून आपापल्या नावावर वेगळा कोड लिहितात. स्कॅनरवर अशी लांबलचक यादी पाहून युनिट खराब ठरवणे हा सर्वांत महागात पडणारा निष्कर्ष आहे. कोड जसेच्या तसे लिहून ठेवा, पुसून टाका, केबल व बॅटरीचे काम झाल्यावर गाडी चालवा आणि मग कोणते कोड परत येतात ते पाहा. जो कोड परत येईल, तेवढ्याचाच विचार करायचा.

बॅटरीबाबत दोनच गोष्टी सांगतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवे. दुसरे असे, की गाडी लॉक करून सगळी युनिटे झोपल्यावर, म्हणजे अर्धा-पाऊण तास थांबून, क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजावा. तो ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. मात्र तेवढाही महिनाभरात ३६ अँपिअर-तास खाऊन टाकतो, म्हणजे ७० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा निम्मा साठा. आपल्यासारख्या कमी चालणाऱ्या गाडीला पार्किंगमध्ये मेंटेनर चार्जर (उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू भरलेली ठेवणारा) लावून ठेवणे मी कुठल्याही नव्या भागापेक्षा आधी सुचवेन. बॅटरी पूर्ण उतरली तर ९९७ ची पुढची डिकी उघडत नाही, कारण तिचे कुलूप विजेवर चालते. अशा वेळी पायाशी असलेल्या फ्यूजपेटीतून बाहेर ओढता येणाऱ्या धन टोकाला बाहेरून १२ व्होल्ट द्यावे लागतात. ही माहिती घरात आणि गॅरेजमध्ये दोन्हीकडे असावी.

काचेचा प्रश्न वेगळा आहे. दाराला चौकट नसल्यामुळे हँडल ओढताच काच सुमारे सेंटिमीटरभर खाली सरकून रबरातून सुटते. हा संकेत दाराच्या लॅचमधल्या (कुलपाच्या खटक्यातल्या) सूक्ष्म स्विचमधून येतो. स्विचने काम सोडले, की काच जागची हलत नाही, रबर घासते आणि कधी गाडी लॉक करताना अलार्मही तक्रार करतो. बटणाने काच नीट वर-खाली होत असेल तर मोटर आणि रेग्युलेटर (काच सरकवणारी यंत्रणा) ठीक आहेत, ते बदलू नयेत. स्विच सुटा मिळत नाही, लॅचचा पूर्ण संच घ्यावा लागतो, आणि तो डावा-उजवा वेगळा असतो.

आता भाग मागवण्याविषयी, कारण खरे पैसे तिथेच वाया जातात. पोर्शेच्या क्रमांकातले पहिले तीन अंक तो भाग प्रथम ज्या पिढीसाठी बनला ती पिढी सांगतात. म्हणून ९९७ वर ९९६ ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर ती चूक नव्हे. मधल्या गटाचा पहिला अंक ६ असेल तर भाग विजेचा : ६०२ मध्ये इग्निशन कॉइल, ६०६ मध्ये सेन्सर, ६१८ मध्ये कंट्रोल युनिटे, ६३१ मध्ये दिवे. शेवटचे दोन अंक सुधारित आवृत्ती दाखवतात, आणि तिथेच विक्रेते ‘सेम टू सेम’ म्हणून जुना माल खपवतात. पुढच्या डिकीच्या झाकणाखाली चिकटवलेल्या पट्टीवर चासी क्रमांक आणि पर्यायांचे कोड असतात. दिवे, ऑडिओ किंवा अलार्मशी संबंधित काहीही मागवताना त्या पट्टीचा फोटो विक्रेत्याला पाठवा, नुसते ‘२००८ मॉडेल’ सांगू नका.

कित्येक भाग पोर्शे स्वतः बनवत नाही. कॉइल बेरूच्या आणि हवेच्या प्रमाणाचे व ऑक्सिजनचे सेन्सर बॉशचे मूळ निर्मात्याच्या खोक्यात घेतले तर किंमत पुष्कळ कमी पडते आणि वस्तू तीच असते. ९९६ च्या इग्निशन स्विचचा विजेचा भाग तर ऑडीचाच आहे, क्रमांक ४ए० ९०५ ८४९ बी. मात्र याच नावांचा डुप्लिकेट मालही बाजारात भरपूर आहे. हवेच्या सेन्सरच्या बाबतीत डुप्लिकेट विशेष घातक ठरतो, कारण तो कोड न देता चुकीचे माप सांगत राहतो आणि इंजिन बिनतक्रार जास्त पेट्रोल पीत राहते. कॉइलवर शंका असेल तर खरेदीपूर्वी संशयित कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर लावून पाहा : मिसफायरचा (सिलिंडर पेट न घेण्याचा) कोड पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरवरून तिच्याबरोबर सरकला तर दोष कॉइलचा.

एक भेद मात्र नीट सांभाळा. गरम इंजिनावर सेल्फ जोरात फिरूनही गाडी पेट घेत नसेल आणि थंड झाल्यावर सहज सुरू होत असेल, तर केबल नव्हे, क्रँकशाफ्टचा (इंजिनच्या मुख्य दांड्याचा) पोझिशन सेन्सर पाहावा. आपण ‘जड फिरतो’ असे लिहिले आहे, म्हणून मी केबलवर भर दिला.

एवढे सगळे करूनही कंट्रोल युनिटच खराब निघाले, तरी सेकंडहँड युनिट हा मार्ग शेवटचा मानावा. इंजिनचे युनिट, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) आणि किल्ली एकमेकांना ओळखतात. दुसऱ्या गाडीतले युनिट त्या गाडीच्या गुप्त संकेतांशी बांधलेले असते आणि ते संकेत हाताशी नसतील तर आपल्या गाडीत ते जिवंत होत नाही. ऑडिओच्या पीसीएमलाही (डॅशबोर्डवरच्या पडद्याच्या संचालाही) असाच संकेत लागतो. म्हणून आपलेच युनिट उघडून तपासून घ्यावे. पाण्याने गंजलेले ट्रॅक आणि निकामी कपॅसिटर यांची दुरुस्ती अनेकदा शक्य असते, आणि ती न जमल्यास मेमरी नव्या कार्डावर उतरवता येते. औद्योगिक ड्राइव्हची कार्डे दुरुस्त करणारा चांगला कारागीर मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) शोधला तर हे काम समजून करेल, फक्त मूळ मेमरीची प्रत आधी काढून ठेवण्याची अट घाला. नवे युनिट बसवायचेच झाले, तर कोडिंग पीविस या अधिकृत यंत्रावर होते आणि त्यासाठी अहमदाबादचे केंद्र एक्सप्रेसवेने जवळ आहे. कोडिंग चालू असताना बाहेरून स्थिर चार्जर जोडलेला असल्याची खात्री करून घ्या. व्होल्टेज मध्येच पडले तर नवे कोरे युनिटही निरुपयोगी होऊ शकते.

विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी २०२४ मध्ये शहरातल्या किती तळघरांत शिरले ते आपण पाहिले आहे. आपल्या पार्किंगमध्ये पाणी आले होते का, ते लिहिलेले नाही. आले असल्यास सीटखालचे कार्पेट उचलून ओल पाहा आणि बॅटरीजवळच्या पाणी जाण्याच्या वाटा पानांनी बुजल्या नाहीत ना ते तपासा. ९९६ आणि त्या काळच्या बॉक्स्टरमध्ये कुलपाचे युनिट सीटखाली असते आणि ते याच पाण्याने मरते.

गरम इंजिनावरचे दोन्ही व्होल्टेज-फरक, झोपेतला प्रवाह आणि पुसल्यानंतर परत आलेले कोड इथे लिहा, म्हणजे केबलचा नेमका क्रमांक आपल्या चासी क्रमांकावरून कसा काढायचा ते मी पुढच्या उत्तरात सांगतो. चासी क्रमांक मात्र इथे उघड लिहू नका, व्यक्तिगत निरोपाने पाठवा.