वाचकांचे प्रश्न : गॅलरीच्या बीमला सळई वर की खाली?

प्रश्न : डिप्लोमाच्या अभ्यासासाठी राजारामपुरीतल्या एका घराचा बीम घेतला आहे. दोन कॉलममध्ये 4 मीटर गाळा, पुढे गॅलरीसाठी 1.5 मीटर बीम बाहेर. पूर्ण लांबीवर मीटरला 16 किलोन्यूटन भार, टोकाला कठड्याचे 8 किलोन्यूटन. भार गुणिले गाळ्याचा वर्ग भागिले 8 असं करून मोमेंट (बीमला वाकवणारा जोर) 32 किलोन्यूटन-मीटर आला. बरोबर आहे का? वरच्या सळया किती आत न्यायच्या?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : नाही. ते सूत्र दोन्ही टोकांना नुसत्या टेकलेल्या बीमचं. इथे आधी रिअ‍ॅक्शन, म्हणजे प्रत्येक कॉलमने दिलेला आधार, काढा. आतल्या कॉलमभोवती मोमेंट घ्या : बीमवरचा पसरलेला भार 16 × 5.5 = 88, तो मध्यावर धरून 88 × 2.75 + 8 × 5.5 = 286. त्याला 4 ने भागलं की गॅलरीकडच्या कॉलमवर 71.5 आणि आतल्या कॉलमवर 24.5 किलोन्यूटन. बेरीज 96, म्हणजे एकूण भाराइतकी. हा ताळा चुकवू नका.

शियर (बीमला आडवा कापू पाहणारा जोर) शून्य होतो आतल्या कॉलमपासून 24.5 ÷ 16 = 1.53 मीटरवर. तिथे मोमेंट 18.8 किलोन्यूटन-मीटर, ताण खालच्या बाजूला. गॅलरीकडच्या कॉलमवर शियर उणे 39.5 वरून अधिक 32 वर उडी घेतो आणि मोमेंट उणे 30 होतो : ताण वर. म्हणजे या बीमची खरी कसोटी कॉलमच्या डोक्यावर आहे, आणि तुमच्या सूत्रात ती दिसतच नाही.

आता सळईची लांबी. या भाराला मोमेंट गॅलरीकडच्या कॉलमपासून गाळ्यात 0.94 मीटरवर शून्य होतो, पण तेवढ्यावर थांबू नका. गणपतीची मिरवणूक बघायला सगळं घर गॅलरीत येतं, आतली खोली रिकामी. 16 पैकी 6 चल भार (माणसं, सामान यांचा) धरून तो गाळ्यावरून काढा : आतली रिअ‍ॅक्शन 12.5 वर येते आणि शून्यबिंदू 1.5 मीटर आत सरकतो. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे वरच्या सळयांपैकी निदान एक तृतीयांश त्याच्याही पुढे न्याव्या लागतात : प्रभावी खोली (इथे बीमच्या खालच्या कडेपासून वरच्या सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर), सळईच्या व्यासाच्या 12 पट किंवा मोकळ्या गाळ्याचा सोळावा भाग, यांतलं जास्त असेल तेवढं. साइटवर बाहेरच्या लांबीच्या दीडपट, म्हणजे 2.25 मीटर आत नेतात. इथे ते योग्यच आहे. उलट गॅलरी रिकामी आणि खोली भरलेली धरली, तर खालचा मोमेंट 21.4 होतो, खालच्या सळया त्यावर ठरवा. डिझाइनला हे आकडे 1.5 ने गुणून घ्या.

काँक्रीट ओतताना माणसं वरच्या सळयांवर चालतात आणि त्या खाली दबतात. गॅलरीच्या मुळाशी वरून तडा जाण्याचं हे नेहमीचं कारण. वरच्या सळया रिंगांना घट्ट बांधा, स्लॅबच्या वरच्या जाळीखाली चेअर (जाळी उचलून धरणारे सळईचे आधार) द्या आणि चालायला वेगळी फळी टाका.