शब्दशंका : ना, नाखवा आणि मौलाना

प्रश्न : आमच्या इमारतीची मोठी दुरुस्ती व्हायची आहे आणि प्रत्येक सभासदाकडून 'ना हरकत' पत्रावर सही घेण्याचे काम सोसायटीने माझ्याकडे दिले. दुसऱ्या मजल्यावरच्या तेलुगू गृहस्थांकडे गेले तेव्हा ते फोनवर भावाशी बोलत होते आणि 'ना इल्लु', 'ना डब्बु' असा दर वाक्याला 'ना' ऐकू येत होता. त्यांचा नकार आहे असे समजून मी परत फिरणार, तोच त्यांनी हसतमुखाने कागद मागून घेतला आणि सही केली. चौथ्या मजल्यावरच्या बंगाली बाई दार उघडून 'बोशून ना' म्हणाल्या. त्याचा अर्थ 'बसू नका' असा घेऊन मी दहा मिनिटे दारातच उभी राहिले. हा 'ना' सगळीकडे एकच आहे की वेगवेगळा? एकच असेल तर मुळात कोणत्या भाषेतला?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : बंगाली बाईंच्या बाबतीत आपण जरा जास्तच विचार केलात. 'बोशून ना' म्हणजे शब्दशः आपले 'बसा ना'. मराठी कानाने सरळ ऐकले असते तर चहा मिळाला असता. आपला गोंधळ मात्र अगदीच निराधार नव्हता, कारण बंगालीत नकाराचाही 'ना' क्रियापदाच्या मागूनच येतो. 'बोशबेन ना' म्हटले की 'बसू नका' आणि 'बोशून ना' म्हटले की 'बसा ना'. म्हणजे सारा फरक क्रियापदाच्या रूपात आहे, 'ना' जागचा हललेला नाही.

तेलुगू गृहस्थ आपल्या मालमत्तेविषयी बोलत असावेत. तेलुगूत 'ना' म्हणजे 'माझे', 'इल्लु' म्हणजे घर आणि 'डब्बु' म्हणजे पैसा. माझे घर, माझा पैसा असे ते भावाला सांगत होते, आणि दुरुस्तीचा खर्च समोर असताना मुंबईतला कोणताही सभासद भावाला दुसरे काय सांगणार?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शब्दाचे नाते ठरवताना त्या शब्दाकडे एकट्याने पाहून भागत नाही, लग्न ठरवताना करतो त्याप्रमाणे त्याची भावंडे कोण हेही पाहावे लागते. आपल्या हातातल्या 'ना हरकत' मधला 'ना' फारसीतून आला. फारसीत 'ना' ची शेजारची मंडळी पाहिली तर नावाला 'नाम' म्हणतात आणि नव्याला 'नौ'. संस्कृतात 'न', 'नाम', 'नव' आहेत. एक शब्द जुळला तर तो योगायोग असू शकतो; पण घरातली रोजची मंडळी ओळीने जुळू लागली की दोन्ही घरे मुळात एक होती असे मानावे लागते. बंगाली व गुजराती 'ना', कोकणीतला 'उदक ना' मधला 'ना', रशियनांचा 'न्येत' आणि इंग्रजांचा 'नो' हे सगळे याच कुळातले आहेत. त्यामुळे यांच्यापैकी कोणता 'ना' मूळचा, असे विचारता येत नाही. ही भावंडे आहेत, बाप आणि मुले नव्हेत.

तेलुगू 'ना' ची भावंडे वेगळी आहेत : 'नेनु' म्हणजे मी आणि 'नाकु' म्हणजे मला. कन्नडात 'नानु' म्हणजे मी आणि बोलताना त्याचाही 'ना' होतो. तमिळ माणूस स्वतःला 'नान' म्हणतो. हे द्राविडी घराणे आहे. आपल्या जिन्यात दुसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे भाषांची एक जुनी सीमारेषा आहे आणि दोन्हीकडे 'ना' हाच ध्वनी आहे, एवढाच काय तो त्यांचा संबंध.

भावंडे पाहण्याची ही रीत किती उपयोगी पडते, याचे एक फार चांगले उदाहरण मुंबईतच आहे. ग्रँट रोडला मौलाना शौकत अली मार्ग आहे. 'मौलाना' हा शब्द अरबीतून आला असून त्यात 'मौला' म्हणजे स्वामी आणि 'ना' म्हणजे आमचा. अरबीत 'किताबी' म्हणजे माझे पुस्तक आणि 'किताबुना' म्हणजे आमचे पुस्तक. आता तिथून पूर्वेकडे मशीद बंदरला या. तिथे बेने इस्राएल या ज्यू समाजाचे १७९६ साली स्थापन झालेले प्रार्थनागृह (सिनेगॉग) आहे. हा समाज घरात मराठी बोलतो आणि प्रार्थना हिब्रूत करतो, आणि त्या प्रार्थनांमधल्या ११८व्या स्तोत्रात 'होशिआ ना' असे शब्द येतात. तिथे 'ना' म्हणजे 'कृपा करून', आणि सगळ्याचा अर्थ 'कृपा करून तार'. वसईच्या चर्चमध्ये झावळ्यांच्या रविवारी 'होसान्ना' चा घोष होतो, तो याच दोन शब्दांचा. अरबी आणि हिब्रू या सख्ख्या बहिणी असल्यामुळे अरबी 'ना' आणि हिब्रू 'ना' एकच असतील असे कोणालाही वाटेल. पण तसे नाही. अरबीतल्या 'आमचा' या अर्थाच्या 'ना' चे हिब्रूतले भावंड 'नू' असे आहे. सारखे ऐकू येणारे दोघे परके निघाले आणि वेगळे ऐकू येणारे दोघे सख्खे.

बाकीच्या भाषांची यादी लांबवण्यात अर्थ नाही, तरी तीनचार उदाहरणे दिल्यावाचून राहवत नाही. स्वाहिलीत 'ना' म्हणजे 'आणि'. पूर्व आफ्रिकेतल्या हॉटेलात 'चाय ना माझीवा' असे ऐकले तर चहाला नकार मिळाला असे समजून उठू नये, कारण 'माझीवा' म्हणजे दूध. चहा आणि दूध येत आहे. रशियनात कोणाच्या हातात काही ठेवताना 'ना!' म्हणतात, म्हणजे 'घे!' उत्तर व्हिएतनाममध्ये 'ना' म्हणजे सीताफळ. चिनी भाषेत हेच अक्षर चढत्या स्वरात म्हटले तर 'घेणे', एकदम खाली उतरणाऱ्या स्वरात म्हटले तर 'ते', आणि खाली जाऊन पुन्हा वर आणले तर 'कोणते'.

एवढी गर्दी एकाच अक्षरावर का व्हावी, याचे उत्तर आपल्या बाराखडीच्या तक्त्यात आहे. ३४ व्यंजनांना १२ चिन्हे लावली की ४०८ घरे होतात. उलट १८५७ साली मुंबईत निघालेल्या मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. लांब शब्दांना अक्षरे जोडून वाटेल तितकी घरे बांधता येतात, पण एकाक्षरी शब्दांना त्या चारशे खोल्यांतच राहावे लागते. त्यातही 'न' आणि 'आ' हे जवळजवळ प्रत्येक भाषेत सापडणारे आणि लहान मुलालाही लवकर जमणारे ध्वनी आहेत. जगात सुमारे ७,००० भाषा असताना या खोलीत भाडेकरू दाटीवाटीने राहतात, यात नवल नाही.

प्रश्न : मी मराठीची शिक्षिका आहे. 'मुलांना सांगा ना, कोणी ऐकेना' हे वाक्य फळ्यावर लिहिल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले की यातल्या तिन्ही 'ना' चा अर्थ नकारच आहे का. मी तिन्हींची वेगळी नावे सांगितली, पण 'असेना का' या प्रयोगापाशी स्वतःच अडले. खुलासा करावा.
— एक शिक्षिका, दादर

उत्तर : विद्यार्थ्याला शाबासकी द्यावी. पहिला 'ना' हा अनेकवचनी विभक्तिप्रत्यय आहे आणि नकाराशी त्याचा काही संबंध नाही. दुसरा आर्जवाचा आहे. तिसरा खरा नकाराचा असून क्रियापदाला चिकटला आहे. 'ऐकत नाही' आणि 'ऐकेना' यांत फरक असा की 'ऐकेना' म्हणताना सांगणाऱ्याने आधी बराच प्रयत्न केलेला असतो. गाडी सुरू होत नाही ही तक्रार झाली. सुरू होईना म्हटले की त्या माणसाने दहा वेळा किल्ली फिरवलेली आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

'असेना का' मध्ये रूप नकाराचे आणि अर्थ मान्यतेचा आहे. 'तो श्रीमंत असेना का, मला काय त्याचे' या वाक्यात तो श्रीमंत नाही असे कोणी म्हणत नाही. असला तर असू दे, असा भाव आहे. शेवटचा 'का' प्रश्नाचा आहे, आणि नकारार्थी प्रश्नातून होकार निघणे मराठीला नवे नाही. 'सांगितले नव्हते का?' असे आपण विचारतो तेव्हा सांगितलेलेच असते. 'येतोस ना?' मधला 'ना' ही याच वाटेने आलेला दिसतो. आधी 'येतोस की नाही?' असा पर्याय समोर ठेवायचा आणि मग त्यातला 'नाही' इतका झिजवायचा, की उरतो तो फक्त होकाराची वाट पाहणारा सूर. मुंबईच्या मुलांच्या इंग्रजीतही हा सूर पोचला आहे. 'कम ना' हे इंग्रजी वाक्य आहे असे ती मुले शपथेवर सांगतील. मला ते खटकत नाही, कारण विनवणीसाठी इतका स्वस्त आणि गोड शब्द इंग्रजीला तिच्या घरी मिळाला नव्हता.

नकाराच्या शब्दाने भलतेच काम पत्करणे फार जुने आहे. वैदिक भाषेत 'न' म्हणजे 'नाही' आणि 'न' म्हणजेच 'सारखा'. ऋग्वेदातल्या विष्णुसूक्तात 'मृगो न भीमः' असे आहे. त्याचा अर्थ 'भयंकर पशूसारखा', 'पशू नव्हे' असा नव्हे. यास्कांनी निरुक्त या वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या जुन्या ग्रंथात याची खूण सांगितली आहे : ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी 'न' येतो आणि ज्याची उपमा द्यायची त्याच्या नंतर येतो. पुढे लौकिक संस्कृतात उपमेचा 'न' मागे पडला. शके १२१२ मधल्या ज्ञानेश्वरीत मात्र ओळीने उपमा देताना 'नातरी' हा शब्द पुन्हापुन्हा येतो. 'नाहीतर', 'किंवा' असा त्याचा अर्थ. एक उपमा अपुरी वाटली की दुसरी देताना माउली नकाराच्या शब्दाचा हात धरतात. वैदिक 'न' आणि 'नातरी' यांचा सरळ वारसा आहे असे मी म्हणत नाही, पण मुलांपुढे दोन्ही एकत्र ठेवण्यासारखे आहेत.

परीक्षेत कोणी विचारणार नाही, तरी सांगून ठेवतो : संस्कृतात 'नृ' शब्दाचे प्रथमेचे एकवचन 'ना' असे होते आणि त्याचा अर्थ 'मनुष्य'. निमंत्रणपत्रिकेत मंत्र्यांच्या नावामागे येणारा 'ना.' हा नामदाराचा, आणि ह. ना. आपट्यांचा 'ना.' नारायणाचा. 'नापास' मधला फारसी 'ना' तर इंग्रजी शब्दाच्या गळ्यात जाऊन पडला आहे, आणि त्या दोघांचा संसार मराठी शाळेत इतका सुखाने चालला आहे की त्यांची जात कोणी विचारत नाही.

प्रश्न : आमच्या कोळीवाड्यात एकाने सांगितले की 'नाखवा' हा शब्द 'ना' आणि 'खुदा' मिळून झाला, म्हणजे देव न मानणारा. समुद्रावर जाणारा माणूस देव मानत नाही, हे आम्हाला पटत नाही.
— एक वाचक, वेसावे

उत्तर : पटू नयेच. 'नाखवा' फारसी 'नाखुदा' पासून आला एवढे खरे आहे, पण तो 'ना' नकाराचा नव्हे. तो 'नाव' म्हणजे होडी या शब्दातला आहे, आणि 'खुदा' चा जुना अर्थ धनी किंवा मालक. नावेचा धनी तो नाखुदा. फारसी 'नाव', संस्कृत 'नौ' आणि आपली नाव, नौका, नावाडी ही सगळी एकाच घरची आहेत. म्हणजे आपल्या बंदरातल्या नाखव्याचे आणि त्याच्या नावेचे नाते शब्दातही आहे, आणि देवाशी त्याचे भांडण कधीच नव्हते.

प्रश्न : माझी नात कोरियन मालिका पाहून ती भाषा शिकते आहे. हाक मारली की ती 'ने' म्हणते आणि त्याचा अर्थ 'हो' असल्याचे सांगते. आमच्या शेजारी गुजराती कुटुंब आहे. त्यांचा 'ने' तर 'चालो ने' मधला, विनवणीचा. नात मला बनवते आहे का?
— एक आजोबा, बोरिवली

उत्तर : नात खरे सांगते आहे. कोरियनमध्ये 'ने' हा अदबीचा होकार आहे, तेव्हा हाकेला तसे उत्तर देते म्हणजे शिष्टाचारासह शिकते आहे. जपानीत तोच 'ने' वाक्याच्या शेवटी येऊन आपल्या 'आहे ना?' चे काम करतो आणि शेजाऱ्यांच्या गुजरातीत आर्जवाचे. या तिघांचे परस्परांशी काही नाते नाही. खरी अडचण युरोपात गेल्यावर येते. ग्रीक भाषेत 'ने' म्हणजे 'हो', आणि लगतच्याच बल्गेरियात 'ने' म्हणजे 'नाही'. तिथे मानेचा आधार घ्यावा म्हटले तर तोही मिळत नाही, कारण बल्गेरियन लोक परंपरेने नकारासाठी मान वर-खाली हलवतात आणि होकारासाठी डावी-उजवीकडे.