बॅटरी तापते, पण दोष बॅटरीचाच आहे का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सोलापुरात विजापूर रस्त्याला राहतो. सुट्टीच्या दिवशी आम्ही काही जण गावाबाहेर एका मित्राच्या पडीक शेतात एअरसॉफ्ट, म्हणजे प्लास्टिकच्या गोळ्या मारणाऱ्या बंदुकांचा खेळ, खेळतो. माझ्या इलेक्ट्रिक बंदुकीला ७.४ व्होल्ट, १००० एमएएच, १५ सी अशी लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, बॅटरी आहे. मागच्या हंगामात काहीच त्रास नव्हता. मध्यंतरी मूळ स्प्रिंग काढून एम १२० ही कडक स्प्रिंग बसवून घेतली. तेव्हापासून दोन मॅगझिन संपेपर्यंत बॅटरी हातात धरवत नाही आणि प्लगजवळची वायरही गरम लागते. दुकानदार म्हणतात बॅटरी खराब झाली, नवी घ्या. मित्र म्हणतात उन्हामुळे तापते. नेमके काय समजावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दुकानदार आणि मित्र या दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे, परंतु खरा धागा आपल्या पत्रातच, स्प्रिंग बदलल्याच्या वाक्यात आहे. या बंदुकीत मुठीत बसवलेली मोटर तीन गिअर फिरवते, गिअर पिस्टनला मागे ओढून स्प्रिंग दाबतात आणि स्प्रिंग सुटली की दाबलेल्या हवेने ६ मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी बाहेर पडते. स्प्रिंग जितकी कडक, तितका मोटरवर भार जास्त आणि तितका बॅटरीतून ओढला जाणारा प्रवाह जास्त. यंत्रमागाचे बेअरिंग अडकले की मोटर तापते आणि तेव्हा कोणी विजेला दोष देत नाही. आपल्या बंदुकीचेही तसेच आहे.

आता आकडे पाहू. १००० एमएएच म्हणजे १ अँपिअर-तास. त्याला ‘सी’च्या आकड्याने, म्हणजे १५ ने, गुणले की ही बॅटरी सलग जास्तीत जास्त १५ अँपिअर देऊ शकते असा अर्थ होतो, तोही लेबलवरचा आकडा प्रामाणिक असेल तर, कारण स्वस्त बॅटऱ्यांच्या लेबलवर हा आकडा फुगवून छापलेला सर्रास आढळतो. एम १२० स्प्रिंगच्या बंदुकीची भूक मात्र सहज २० अँपिअरच्या घरात जाऊ शकते. प्रत्येक बॅटरीला स्वतःचा अंतर्गत रोध असतो आणि त्यात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा हा रोध ४० मिलिओहम आहे, तर १० अँपिअरला ४ वॉट उष्णता होते आणि २० अँपिअरला थेट १६ वॉट. प्रवाह दुप्पट झाला, उष्णता चौपट झाली. तळहाताएवढ्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या आणि बंदुकीच्या पोटात कोंबलेल्या बॅटरीला ही उष्णता बाहेर टाकायला वाव नसतो.

तरीही लगेच नवी बॅटरी घेऊ नका. उष्णता नेमकी कुठे आहे, हे आधी हाताने पाहावे. डोळ्यांना गॉगल लावून, बंदूक सुरक्षित दिशेला धरून, एकेक करून वीसेक गोळ्या झाडाव्यात, मॅगझिन काढून नळी रिकामी करावी, बॅटरीचा प्लग सोडवावा आणि मग बॅटरी, प्लग आणि मूठ या तिन्ही ठिकाणी बोट लावावे. फक्त बॅटरी तापलेली आणि मूठ कोमट असेल, तर बॅटरी अपुरी पडते आहे किंवा जुनी होऊन तिचा रोध वाढला आहे. मूठ सर्वांत गरम असेल, तर मोटरवर किंवा गिअरबॉक्समध्ये अनावश्यक ओढ आहे. प्लगच सर्वांत गरम असेल, तर दोष जोडणीत आहे.

आपल्या पत्रावरून जोडणीचा संशय मला बळकट वाटतो. अनेक बंदुकांना मूळचा मिनी टामिया प्लग असतो. त्यातल्या पिना बारीक असतात आणि वारंवार काढघाल केल्याने सैल होतात. प्लग सोडवून उजेडात धरा. पांढऱ्या प्लास्टिकला पिनेभोवती तपकिरी कड आली असेल, पिनेवर काळपट थर असेल किंवा प्लग अगदी सहज निसटत असेल, तर तेथे रोध वाढला आहे. अशा वेळी बंदूक आणि बॅटरी दोन्हीकडे डीन्स, म्हणजे टी आकाराचा, प्लग डाग देऊन बसवावा आणि शक्य असल्यास वायरही १६ गेजची सिलिकॉनची घ्यावी. बॅटरीकडच्या दोन्ही वायरी कात्रीने एकदम कधीही कापू नयेत, कारण कात्रीचे पाते दोन्ही तारांना जोडते आणि त्याच क्षणी शॉर्ट होतो. एक वायर कापून, तिला डाग देऊन, टेपने झाकून मगच दुसरीला हात लावावा. हे काम सवयीचे नसेल, तर मोबाइल किंवा मोटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून ते थोडक्यात होते. बंदुकीत फ्यूज असेल आणि तो उडत असेल, तर घरातल्या फ्यूजला लावतात तशी जाड तार लावून वेळ मारून नेऊ नये. फ्यूज उडणे हा आजार नाही, तो इशारा आहे.

मूठ तापत असेल, तर मुठीच्या तळाशी असलेला छोटा स्क्रू पाहावा. हा स्क्रू मोटर वर-खाली करतो. मोटरचे दातेरी टोक पहिल्या गिअरवर प्रमाणाबाहेर दाबले गेले, तर बंदूक बारीक किंचाळल्यासारखा आवाज करते आणि प्रवाह वाढतो. फार सैल राहिले, तर घरघर येते आणि दाते झिजतात. स्क्रू पाव फेरा फिरवायचा, दोन-चार गोळ्या झाडायच्या, कान देऊन ऐकायचे, पुन्हा पाव फेरा, अशा रीतीने आवाज सर्वांत मृदू होईल ती जागा सापडते. स्प्रिंग बदलताना गिअरबॉक्स उघडलेला असणार, त्यामुळे गिअरखालच्या पातळ चकत्या, ज्यांना शिम म्हणतात, चुकीच्या बसल्या किंवा एखादी राहून गेली असण्याची शक्यताही आहे. ज्यांनी स्प्रिंग बसवली त्यांना गिअर बोटाने सहज फिरतात का, एवढे तपासायला सांगावे. या सर्व शक्यता संपल्यावर नव्या बॅटरीचा विचार करावा आणि ती १३०० एमएएच, २५ सी किंवा त्याहून वरची घ्यावी, म्हणजे तिची क्षमता ३२ अँपिअरच्या आसपास जाते. घेण्यापूर्वी बंदुकीतली जागा मोजून घ्यावी. दाबून बसवलेल्या बॅटरीची वायर चिमटते.

दोन परिस्थितींत मात्र काही तपासत बसू नये, आधी प्लग ओढून सोडवावा. ट्रिगर दाबलेला नसताना बॅटरी तापत असेल, तर बहुधा कुठेतरी वायरचे आवरण सोलून तांबे धातूला टेकले आहे. ट्रिगर दाबल्यावर गोळी न सुटता नुसता गुणगुणल्यासारखा आवाज येत असेल, तर गिअर अडकलेले आहेत आणि थांबलेली मोटर सर्वाधिक प्रवाह खात असते. खेळ संपल्यावर बॅटरी बंदुकीत जोडून ठेवण्याची सवयही मोडावी.

उन्हाचे म्हणाल, तर आपल्या मित्रांचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, आणि लायपो बॅटरी वापरताना ६० अंशांच्या आत राहावी असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे बॅटरीला तापायला जेमतेम १८ अंशांची सवड उरते. गाडीच्या डिकीत किंवा बंद मोटारीत ठेवलेल्या बॅटरीला तीही उरत नाही. खेळ सकाळी लवकर ठेवावा, दोन बॅटऱ्या आलटून-पालटून वापराव्यात आणि रिकामी बॅटरी सावलीत ठेवावी. ती लवकर थंड व्हावी म्हणून बर्फाच्या पेटीत टाकू नये, कारण आत दव धरते. तापलेली बॅटरी चार्जरला लावू नये. ती साध्या तापमानाला आल्यावर, १००० एमएएचसाठी १ अँपिअरच्या दराने, प्रत्येक सेल सारखा भरणाऱ्या बॅलन्स चार्जरवर, फरशीवर ठेवून आणि समोर बसून चार्ज करावी. पलंगावर, चादरीवर तर मुळीच नको, मग ती चादर आपल्या गावची कितीही जाड असो. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट दाखवतो; खेळताना तो ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये आणि आठवडाभर वापर नसेल, तर ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा.

आपली बॅटरी इतके दिवस तापते आहे, तेव्हा ती सपाट जागेवर ठेवून पाहा. पोट फुगलेले दिसले किंवा गोडसर, रसायनासारखा वास आला, तर ती बाद समजावी; टोचून हवा काढण्याचा उद्योग अजिबात करू नये. वाळू भरलेल्या घमेल्यात, घराबाहेर ठेवावी, टोके टेपने झाकावीत आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. घंटागाडीत टाकलेली अशी बॅटरी दाबली गेली की पेट घेऊ शकते.

प्रश्न : ७.४ ऐवजी ११.१ व्होल्टची बॅटरी लावली, तर ताण कमी होऊन ती कमी तापेल, असे एकाने सांगितले. खरे आहे का?
– दुसरे वाचक

उत्तर : नाही. व्होल्टेज वाढले की मोटर जोरात फिरते आणि ट्रिगर दाबताक्षणीचा प्रवाह उलट वाढतो. बॅटरी कदाचित तग धरेल, पण ट्रिगरचे तांब्याचे संपर्क ठिणगीने जळतात आणि पिस्टनचे दाते तुटतात. मॉसफेट, म्हणजे ट्रिगरच्या संपर्कांऐवजी मोटरचा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, बसवलेला नसेल आणि गिअर मजबूत नसतील, तर ७.४ वरच राहावे.

प्रश्न : माझ्याकडे ८.४ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आहे. ती चार्ज होताना शेवटी गरम होते. हेही धोक्याचे आहे का?
– आणखी एक वाचक

उत्तर : या जातीची बॅटरी भरत आली की थोडी कोमट होणे स्वाभाविक आहे, चांगला चार्जर त्याच वेळी व्होल्टेजमधली किंचित घट ओळखून आपोआप थांबतो. थांबत नसेल आणि ती हाताला पोळत असेल, तर चार्जर बदलावा. लायपो चार्ज होताना गरम होता कामा नये, आणि निकेलच्या चार्जरवर लायपो कधीही लावू नये.