कोर्टाने मोकळं केलं, मग चर्च का अडवतं?

“ताई, कोर्टाने घटस्फोट दिलाय. कागद हातात आहे. मग फादर चर्चमध्ये दुसरं लग्न लावायला नाही कसं म्हणू शकतात?”

वसई पट्ट्यातल्या कॅथलिक कुटुंबांसोबत समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न माझ्यापुढे पुन्हा पुन्हा येतो. विचारणारं माणूस बहुतेक वेळा आधीच पोळलेलं असतं. म्हणून नुसता नियम सांगण्याऐवजी एका बाईची हकीकत सांगते. तिच्या परवानगीने सांगते आहे. नाव-गाव दिलेलं नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती पस्तिशीची, शाळेत शिकवणारी. नवरा पिऊन मारायचा. मुलीला घेऊन ती माहेरी आली, कोर्टात उभी राहिली, क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मिळवला. पुढे काही वर्षांनी एका विधुराचं स्थळ आलं. माणूस शांत, मुलीला जीव लावणारा. दोघं धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, कार्यालयात गेले तेव्हा “कोर्टाच्या कागदावर मला लग्न लावता येणार नाही” एवढंच उत्तर मिळालं आणि विषय संपला. निदान त्यांना बसवून घेऊन नीट समजावायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. उत्तर मात्र चुकीचं नव्हतं.

माझ्याकडे आली तेव्हा सोबत धाकटा भाऊ होता. त्याने प्लास्टिकच्या फोल्डरमधून टाइप केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. वकिलाच्या नोटिशीचा मसुदा. “सदर नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत आमच्या अशिलांचा विवाह लावून न दिल्यास...” खाली घटनेतल्या समानतेच्या हक्काचा उल्लेख. खाली सही करायची जागा रिकामी होती. तो म्हणाला, “फादर काय कोर्टापेक्षा मोठे?”

मी त्याला थांबवलं आणि तिला विचारलं, “तुला चर्चकडून नेमकं काय हवंय?”

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला देवासमोर लग्न करायचंय ताई. नुसती सही नकोय.”

सही हवी असती तर मार्ग सरळ होता. १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. रजिस्ट्रारकडे नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, तीन साक्षीदार न्यायचे. घटस्फोटाचा हुकूम कायम झालेला असेल तर कुणी अडवत नाही. बायको म्हणून मिळणारे सगळे हक्क तिथे मिळतात. चर्चला त्यात आडवं येता येत नाही, आणि येऊही नये. पण तिला जे हवं होतं ते रजिस्ट्रारच्या हातात नव्हतं, न्यायाधीशाच्याही नव्हतं. येशूने म्हटलंय, “देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये.” न्यायाधीश माणूसच आहे. आपली श्रद्धा अशी की दोन बाप्तिस्मा झालेल्यांचं वैध, पूर्ण झालेलं लग्न मृत्यूखेरीज कशाने मोडत नाही. कोर्ट काय ठरवतं? सरकार या दोघांना नवरा-बायको मानतं की नाही, पोटगी किती, मुलगी कुणाकडे, घर कुणाचं. ते ठरवणं कोर्टाचंच काम आहे. कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा स्वतःचा कायदासुद्धा, लग्नाच्या निव्वळ नागरी परिणामांवरचा सरकारचा अधिकार मान्य करतो. पण त्या वेदीसमोर घेतलेली शपथ बांधील होती का, आजही आहे का, हा प्रश्न कोर्टाला विचारलेलाच नसतो. मग त्याचं उत्तर कोर्टाच्या हुकुमात सापडणार कसं?

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण आपल्या लोकांत ती सांगितली जात नाही. विवाह अखंड आहे यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि म्हणूनच सांगते: मार खाणाऱ्या बाईने घरातच राहावं अशी चर्चची शिकवण नाही. कॅनन लॉचं ११५३ वं कलम सांगतं की जोडीदारामुळे शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं होण्याचं रास्त कारण आहे. मारहाण होत असेल तर आधी पोलीस, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, आणि सुरक्षित छप्पर. बाकी सगळं नंतर. मुलांच्या किंवा पोटगीच्या संरक्षणासाठी कोर्टाचा घटस्फोट हाच एक उपाय उरला असेल तर तो घेणं पाप नाही, हेही चर्चच्या शिकवणीत आहे. आणि घटस्फोट झाला म्हणून ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेच्या उपासनेत मिळणारी पवित्र भाकर, बंद होत नाही. ही बाई कित्येक वर्षं मिस्सेला मागच्या बाकावर बसून राहायची, ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठायची नाही. कुणीतरी तिला सांगितलं होतं की आता तुला चालणार नाही. दुसरं लग्न केलेलं नाही, पापनिवेदन केलेलं आहे, मग का चालणार नाही? हे ऐकून ती रडली. नोटिशीपेक्षा मला ते रडणं जास्त लागलं.

देशाच्या कायद्याने ख्रिस्ती बाईवर एके काळी मोठा अन्याय केला, हेही भावाला सांगितलं. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होत असे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचारासोबत क्रूरता, परित्याग असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. नुसत्या मारहाणीवर तिची सुटका नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला, आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. आता ही कारणं दोघांना सारखी आहेत. त्याच्या बहिणीचं लग्न १९९० च्या आसपास मोडलं असतं तर याच कारणावर तिला कोर्टात घटस्फोट मिळाला नसता. ही सुधारणा व्हायलाच हवी होती. शिकवण टिकवण्यासाठी बाईला कायद्याने अडकवून ठेवणं हे ख्रिस्ती काम नव्हे.

मग भावाने दुसरा मुद्दा काढला. “चर्च स्वतः लग्न रद्द करतं ना? मग आम्ही चर्चकडूनच कागद आणतो, कोर्टाची कटकट कशाला?”

यात पुष्कळ जण फसलेत. चर्चच्या विवाह न्यायाधिकरणाने लग्न मुळातच वैध नव्हतं असं जाहीर केलं, तरी सरकारदरबारी ते लग्न उभंच असतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ प्रकरणात हे स्पष्ट केलं, आणि कॅनन लॉच्या निर्णयांना घटस्फोटाइतकी मान्यता द्या अशी मागणी २०१७ मध्ये पुन्हा फेटाळली. चर्चचा निर्णय हातात आहे पण कोर्टाचा नाही, आणि दुसरं लग्न केलं, तर तो द्विविवाहाचा गुन्हा होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या ८२ व्या कलमात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दोन्ही दारं वेगळी आहेत आणि चर्चमध्ये पुन्हा लग्न करायचं तर दोन्हीतून जावं लागतं. तिचं कोर्टाचं काम झालं होतं. चर्चचं सुरूही झालं नव्हतं. तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

आता नोटिशीकडे. भावाला वाटत होतं, समानतेचा हक्क आहे म्हणजे फादरनी लग्न लावलंच पाहिजे. मी त्याला घटनेचं २६ वं कलम दाखवलं. धर्माच्या बाबतीत आपले व्यवहार आपण सांभाळण्याचा हक्क प्रत्येक धर्मसंप्रदायाला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. विवाहसंस्कार कुणाला द्यायचा यापेक्षा धर्माची बाब आणखी कुठली असेल? आणि हे केवळ आपलं म्हणणं नाही. इंग्रजांनी केलेल्या त्याच १८६९ च्या कायद्यात ५८ वं कलम आहे: स्वतःच्या व्यभिचारामुळे ज्याचं लग्न मोडलं त्याचं लग्न लावण्याची सक्ती चर्च ऑफ इंग्लंडच्या पाळकावर करता येणार नाही. लगेच पुढचं ५९ वं कलम म्हणतं, तो नाही म्हणाला तर त्याच चर्चमध्ये दुसऱ्या तयार पाळकाला लग्न लावू द्यावं. पहिलं कलम मला योग्य वाटतं. दुसऱ्यात सरकार वेदीच्या फार जवळ आलं असं माझं मत आहे. पण एवढं नक्की, की घटस्फोट देणाऱ्या कायद्यालाच तेव्हाही कळत होतं की पाळकाच्या सदसद्विवेकाला हात लावायचा नसतो.

“आज तू तुझ्या बहिणीसाठी फादरना कोर्टात खेचशील,” मी म्हटलं, “उद्या दुसरा कुणी आणखी कशासाठी खेचेल. ज्या कोर्टाला तू फादरना ‘लाव’ म्हणून सांगायचा हक्क देतोस, त्याच कोर्टाला ‘लावू नको’ म्हणायचाही हक्क देतोस.” हे त्याला पटलं. उत्तराखंडात समान नागरी कायदा जानेवारी २०२५ पासून लागू झाल्यापासून आपल्या घराघरांत भीती आहे की चर्चचं लग्न बंद होणार. तिथल्या कायद्याने धार्मिक विधी बंद केलेले नाहीत, नोंदणी सक्तीची केली आहे. नोंदणी, वय, पोटगी, वारसा यांवर सरकारने नियम करावेत. त्यात आपल्या बायकांचं भलं असेल तर मी पहिली टाळी वाजवेन. पण संस्कार कुणाला द्यायचा हे ठरवायला सरकार आलं तर आपल्याला नाही म्हणावं लागेल. ते नाही म्हणताना आपणच कधी फादरना नोटीस पाठवलेली नसावी.

कैसराचे ते कैसराला द्या, हे आपण कर भरताना आठवतो. तिथे पुढचं अर्धं वाक्यही आहे: देवाचे ते देवाला.

भाऊ बाहेर चहाला गेला तेव्हा मी तिला लग्नाच्या दिवसाविषयी विचारलं. न्यायाधिकरण बघतं ते पुढचं दारू-मारहाणीचं आयुष्य नव्हे. शपथ घेताना संमती खरी होती का, हे बघतं. तिने सांगितलं. लग्नाच्या पंधरा दिवस आधी तिने वडिलांना सांगितलं होतं की मला हे लग्न नको. पत्रिका वाटून झाल्या होत्या, हॉल ठरला होता. वडिलांनी दोन दिवस तिला खोलीबाहेर येऊ दिलं नाही आणि आईला म्हणाले, ही नाही म्हणाली तर मी विहिरीत उडी मारतो. मोठ्या मावशीने हे सगळं पाहिलं होतं. बळजबरीने किंवा गंभीर भीतीने दिलेली संमती कॅनन लॉच्या ११०३ व्या कलमाप्रमाणे संमतीच नसते. बारा वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं, कोर्टातही नाही, कारण तिथे तो प्रश्नच नव्हता.

तिला सगळ्यात मोठी भीती वेगळीच होती. “लग्न झालंच नव्हतं असं ठरलं तर माझी मुलगी अनौरस ठरेल ना?” नाही. ज्या लग्नाला निदान एकाने तरी प्रामाणिकपणे लग्न मानलं, त्यातली मुलं चर्चच्या कायद्यात औरसच राहतात. आणि न्यायाधिकरणाचा निर्णय देशाच्या कायद्यात मुलीच्या हक्काला शिवतही नाही.

प्रक्रिया मी तिला पायरीपायरीने सांगितली. अर्ज, विवाहनोंदीचा उतारा, बाप्तिस्म्याचा दाखला, साक्षीदारांची नावं. पूर्वीच्या नवऱ्याला कळवलं जातं, त्याला बोलायचा हक्क असतो. लग्न वैधच होतं अशी बाजू मांडायला चर्चचा स्वतःचा अधिकारी असतो, म्हणजे हा शिक्का मारून सोडून द्यायचा प्रकार नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये यातला मोठा अडसर काढला. आधी लग्न अवैध ठरवणारा प्रत्येक निर्णय दुसऱ्या न्यायाधिकरणाने उचलून धरावा लागे, आता एका निर्णयावर भागतं. शक्य तिथे ही प्रक्रिया मोफत असावी असंही त्यांनी सांगितलं.

“आणि ते नाही म्हणाले तर?”

मी गुळमुळीत उत्तर दिलं नाही. म्हटलं, नाही म्हणाले तर तुझं पहिलं लग्न उभं आहे, आणि चर्चमध्ये दुसरं होणार नाही. रजिस्ट्रारचं दार तुला उघडं राहील. त्यातून गेलीस तर मी तुझ्याशी बोलणं सोडणार नाही, पण ते योग्य होतं असंही सांगणार नाही. ती म्हणाली, “एवढं सरळ कुणी सांगितलं असतं तर मी केव्हाच अर्ज केला असता.”

नोटीस गेली नाही. भावानेच मावशीला जबाबासाठी नेलं. मावशी म्हाताऱ्या, गुडघे धरलेले. तरी त्या दिवशी तीन तास बसून त्यांनी सगळं सांगितलं. वडील आता हयात नाहीत, आणि त्यांच्याविषयी असं बोलावं लागतंय याचं मावशींना फार वाईट वाटलं. तो विधुर थांबलाय. प्रकरण अजून न्यायाधिकरणापुढे आहे. ती आता मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घेते.