तुझी पोकेमॉन टीम पाहिली, भाऊ

सहा जणांतले चारिझार्ड, व्होल्कारोना, ड्रॅगोनाइट. तिघंही दमदार, पण समोरच्यानं पहिल्याच चालीत स्टेल्थ रॉक टाकले, म्हणजे तुझ्या बाजूला आत येणाऱ्याला लागणारे टोकदार दगड पसरले, तर? पहिले दोघं मैदानात येतानाच ५० टक्के जीव गमावतात, ड्रॅगोनाइट २५, वर पूर्ण जीव असताना मार निम्मा करणारी त्याची मल्टिस्केलही वाया. रावेरकडे वादळात केळीची अख्खी बाग एका बाजूला आडवी होते ना, अगदी तसं. एक्सकॅड्रिल घे, तो रॅपिड स्पिन या चालीनं दगड हटवतो; किंवा चारिझार्डला हेवी-ड्यूटी बूट्स दे, ते घातले की दगड लागत नाहीत. वेगाचे आकडे नंतर बघू. आधी वहीत सहाही जणांपुढे लिही: याला कोण मारतं, आणि तो समोर आला की मी कोणाला आत आणणार? उत्तर सुचत नाही तिथंच बदल कर. रविवारी भुसावळला ये, पाच-सहा सामने खेळून पाहू.